स्पेसबार

वारा फार माजला की बंदर बंद.
धक्क्यावर लाल दिवा लागतो,
आणि चिलोए बेटाच्या या टोकाला जो जो अडकतो
तो माझ्या तिकीटखिडकीच्या आत येऊन उभा राहतो,
कारण इथे शेगडी एकच. माझी.

आज होते:
सॅमन माशांचा ट्रक घेऊन निघालेला रोसामेल,
त्याची नऊ वर्षांची युदित,
गुरांच्या डॉक्टर नाउएल्किनबाई, बुटांना अजून शेण,
आणि दोन एलेउतेरियो,
एकेकाळचे गावच्या संघाचे गोलकीपर,
उजवा गुडघा त्या काळातच सोडून आलेले.

पहिला तास हवामानावर गेला.
दुसरा बटाट्याच्या भावावर.
मग युदित म्हणाली,
"एर्मेलिंदा, बोट नसते तेव्हा हा कॉम्प्युटर काय करतो?"

पोरीसमोर खोटं कसं बोलू?
तिकिटांचं पान मिटलं, दुसरं उघडलं.
पट्टी भरत गेली, गोगलगाय जिना चढते तशी,
आणि पडदाभर हिरवळ आली,
इतकी हिरवी की आमच्या बेटालाही जमणार नाही.
मधे चौकोनी डोक्याचा गोलकीपर. मान नाही.
मागे अकरा प्रेक्षक, सगळ्यांचा चेहरा एक.

नियम? बाण इकडून तिकडे फिरतो.
स्पेसबार दाबला की चेंडू सुटतो.
संपलं पुस्तक.
(माझ्या स्पेसबारला चिकटपट्टी का आहे, ते विचारू नये.)

रोसामेलचा अठरा चाकं वळवणारा हात
बटणावर असा पडला
की चेंडू प्रेक्षकांच्याही पलीकडे. भोपळा.
पुन्हा. भोपळा.
डॉक्टरबाईंनी गाईची नस शोधावी तसं बोट टेकलं.
एक, दोन, तीन गोल,
आणि चौथ्याला तो कीपर उलटा उडाला,
पाय खांबात अडकले,
आणि जाळ्यात लागलेल्या माशासारखा
तडफडतच राहिला, तडफडतच राहिला.
आम्ही इतके हसलो की किटली उतू गेली
आणि कुणी उठलं नाही.

दोन एलेउतेरियो भिंतीशीच.
"हा कसला खेळ? घाम कुठाय?"
थोड्या वेळाने, "सरका जरा."

"कीपरचे डोळे बघायचे असतात," ते म्हणाले.
"मी चाळीस वर्षं हेच लपवत आलो.
हा डावीकडे जाणार. बघा."
उजवीकडे मारला. कीपर उजवीकडे.
"बेरकी आहे लेकाचा."
टोपी काढली. डॉक्टरबाईंचा चष्मा मागितला.
पाच डाव, पाच भोपळे.

युदित हळूच म्हणाली,
"आजोबा, त्याला डोळे काढलेलेच नाहीत."

ते वाकून बघत राहिले.
खरंच, नव्हते.
मग त्यांनी स्वतःचेही मिटून घेतले
आणि दाबलं.
चेंडू खांबाला लागला, परतला,
चौकोनी डोक्याच्या पाठीवर आपटला
आणि आपल्याच पायांनी आत गेल्यासारखा
आत गेला.

त्यांची आरोळी बोटीपर्यंत गेली असेल.
दोन्ही हात वर, आणि उजवा गुडघाही,
त्याला बिचाऱ्याला कुणी आठवण करून दिली नाही.

दिवा कधी हिरवा झाला, कुणी पाहिलं नाही.
धक्क्यावरचा कुस्तोदियो काच बडवत होता:
"बोट लागलीय! ट्रक आणा!"
"थांब रे, एवढा डाव होऊ दे," पाच तोंडं एकदम.

तो आत आला, रेनकोट निथळत,
शिव्यांची सुरुवात ओठांवर घेऊन.
पडद्याकडे बघितलं.
उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला.
"बटण कुठलं?"

बोटीने दोनदा भोंगा दिला, मग तिसऱ्यांदा, रागाने.

संध्याकाळी नोंदवहीत
सुटण्यास सत्तावीस मिनिटं उशीर.
कारणाच्या रकान्यात मी सुबक अक्षरात लिहिलं:
वारा.